पाचवं बूच

४ जानेवारी

बारके,

अकरा वर्षांनी लिहितोय, आणि तेही कामाचं. आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ मजकुरावर येतो.

नेमबाजीच्या रेंजला नव्या चिटणीस आल्या आहेत. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. आधीचे चिटणीस कपाटांकडे पाठ करून बसायचे, या बाई कपाटातच बसतात म्हणायला हरकत नाही. परवा खालच्या खणातून तुझी पॉइंट टू टू रायफल निघाली. गोणपाटात गुंडाळलेली, वर लाखेचं सील, सोबत रिकाम्या पुंगळ्यांचं ते पाकीट. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, ही अकरा वर्षं इथं काय करतेय?" मी म्हटलं, "आराम." त्या हसल्या नाहीत. अपघाताचं त्यांनी ऐकलं होतं. त्यात डोळा गेला तो माणूस समोर बसून नोंदवही लिहितोय, हे मात्र त्यांना तेव्हाच कळलं. त्या गडबडल्या. तुझा दादा नेहमीसारखा म्हणाला, "एक डोळा पुरतो बाई, ओळी सरळच येतात."

तर आता फॉर्म आलाय. दुरुस्ती की बदली, म्हणजे जुनी बाद करून नवी, एकावर खूण करा, कारण लिहा. शस्त्रांचा मिस्त्री मी, तेव्हा खूण मी करायची आणि समितीनं खाली सह्या ठोकायच्या. फेब्रुवारी संपेपर्यंत मुदत आहे. नोंदवहीत त्या रायफलीपुढं अजून तुझंच नाव आहे, म्हणून तुला विचारणं रीतीला धरून वाटलं.

रायफलीची तब्येत सांगतो. दस्ता उत्तम आहे, तुझ्या गालाची जागा अजून गुळगुळीत लागते. बोल्ट काळवंडलाय पण सरळ आहे. ट्रिगर माझ्या हातचा, त्याला काय होतंय. नळी मात्र गेली. तोंडापासून वीतभर आत फुगली आहे, उंदीर गिळलेल्या सापासारखी. जे अडकलं ते आतच आहे.

माझं मत बदली. अशा नळीला हात लावण्यात अर्थ नाही. बाद ठरली की समितीसमोर गॅसनं तुकडे होतात, तुकडे भट्टीला जातात आणि विषय संपतो. तुझं काय म्हणणं ते कळव.

बाबा

१९ जानेवारी

बारके,

उत्तर नाही. नसणारच.

इथं वेगळंच त्रांगडं झालंय. दादा म्हणतो दुरुस्त करा. जेवताना म्हणाला, परत दुसऱ्या दिवशी म्हणाला. मी त्याला नळीचं पोलाद, खेचलेला धातू, सगळं समजावलं. तो म्हणाला, "बाबा, नळी बदला ना. बाकी रायफल तीच राहील." बाईंनाही ते पटलंय. त्यांनी चौकशीही केली. नळी बदलायची तर फुटकी नळी आधी सरकारमान्य कारखान्यात जाते, तिथं ती उभी चिरतात, आत काय अडकलं ते लिहून देतात आणि मगच नवी बसवायची परवानगी मिळते. बदलीत ही भानगड नाही. नवी पेटी येते, जुनी वितळते. इतकं सोपं सोडून ही माणसं आडवळणाला का जातात कळत नाही.

त्या दिवशी काय झालं ते तुला नव्यानं सांगायला नको. अहवालात आहे. काडतूस फुसकं निघालं, दारू कमी, गोळी नळीतच अडकली. आवाज अगदी बारीक झाला. असा आवाज आला की नेमबाजानं थांबायचं, बोल्ट काढायचा, नळीतून आरपार बघायचं. तू दुसरं काडतूस भरलंस आणि ट्रिगर दाबलास. गोळीवर गोळी बसली, नळी फुगली, धूर आणि पितळेची कपची मागं उडाली. दादा तुझ्या उजवीकडे दुर्बिणीला डोळा लावून बसला होता, आणि दुर्बिणीत नीट दिसावं म्हणून त्यानं गॉगल कपाळावर सरकवला होता. तो गॉगल काढू नकोस म्हणून मी त्याला शंभरदा बजावलं असेल.

अहवालात मी तुझ्यावर एक शब्दही कठोर लिहिला नाही. "आवाजातील फरक नेमबाजाच्या लक्षात आला नाही" एवढंच. तुला तर तेही मान्य नव्हतं. तू पंधरा दिवस घरभर म्हणत फिरलीस, "ती माझी पहिलीच गोळी होती." आजूबाजूला चार जण गोळ्या झाडत होते, तुझी कितवी ते कोण सांगणार? पाकिटात मात्र पुंगळ्या दोन होत्या. मग महिन्याभरानं मीच तुला मावशीकडे पाठवलं. दादाला बरं वाटेपर्यंत तू समोर नसलेलीच बरी, असं तेव्हा वाटलं.

तुझी आई जाताना तुझंच काढत होती. म्हणाली, "पोरीनं तेवढा एक आवाज ऐकायला हवा होता." मी मान हलवली. तुला हे आजवर सांगितलं नव्हतं.

मी उद्या बदलीवर खूण करतोय.

बाबा

६ फेब्रुवारी

बारके,

उत्तर नाही, असं मागं लिहिलं. उत्तर येईल कुठून, पत्र पाठवलंच नाही. दोन्ही इथंच आहेत, कानशींच्या खणात. पाकिटावर पत्ता लिहून, तिकीट लावून ठेवलीत. म्हातारपणी माणूस स्वतःशी कसले खेळ खेळतो बघ.

आज समितीची बैठक होती. फॉर्म टेबलावर, बदलीवर माझी खूण, खाली कारण: "नळीची दुरुस्ती सुरक्षित नाही." चार सह्या झाल्या. पाचवी बाईंची. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि दादाकडे बघून विचारलं, "तुम्हाला काही बोलायचंय का? तुमचं त्यात सगळ्यात जास्त गेलंय."

दादा उठला. त्याला चार माणसांत बोलायची सवय नाही, तुला माहीत आहे. त्यानं खिशातून एक कागद काढला. घडीवर फाटत आलेला. तुझं पत्र. सात वर्षांपूर्वी तू त्याला लिहिलेलं शेवटचं. त्यानं ते वाचलं नाही, नुसतं हातात धरलं. म्हणाला, "माझी बहीण चार वर्षं म्हणत होती, पहिलीच गोळी. मला तिचा राग यायचा तो डोळ्याचा नाही, कबूल करत नाही याचा. मग तिनं हे लिहिलं. रस्त्यात कुणाच्या तरी सायकलची ट्यूब बसली, फुस्स झालं, आणि तिला एकदम आठवलं. तसाच आवाज त्या दिवशीही झाला होता, तिनं ऐकला होता, घाईत सोडून दिला होता. तेव्हापासून माझ्या मनात काही नाही. रायफल दुरुस्त करू. कपाटात तिच्या नावाखाली ठेवू. मी तिला कळवीन. आली तर येईल."

बारके, ते पत्र मीही वाचलं होतं. दादानं आणून दाखवलं होतं. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. तू कबूल केलंस म्हणून हायसं वाटलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

बाईंनी टोपण परत लावलं. आठवडाभर थांबू म्हणाल्या. बैठक संपल्यावर मी कार्यशाळेत येऊन बसलो. शेगड्याचा, टेबलावरच्या त्या पोलादी पकडीचा, दांडा उगाच फिरवत बसलो. दादानं माझ्या लेकीला माफ केलंय. कशाबद्दल माफ केलंय ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

७ फेब्रुवारी

बारके,

काल सही न करताच पत्र संपवलं. आज सगळं लिहितो, मध्ये उठणार नाही.

दमट दिवसांत नळ्यांना आतून गंज धरतो. त्यावर माझा स्वतःचा उपाय होता. लेथवर पितळेची पाच बुचं केली होती, करंगळीहून बारीक, टोकाला तेलात भिजवलेला जाड लोकरीचा नमदा. संध्याकाळी रायफली ठेवताना तोंडातून एकेक बूच सळईनं वीतभर आत सारायचो. बाहेरून दिसत नसे. कुठल्या पुस्तकात ही पद्धत नाही आणि मला तिचा कोण अभिमान होता. बूच आत असेपर्यंत बोल्टच्या दांड्याला लाल दोरा. दोरा दिसला की रायफलीला कुणी हात लावायचा नाही. सकाळी आधी बूच मागून ढकलून काढायचं, फळीवरच्या भोकात ठेवायचं, आणि मग दोरा सोडायचा. दोरा नाही म्हणजे नळी मोकळी. हे मीच तुम्हाला शिकवलं, इतकं पक्कं शिकवलं की तुम्ही नळीत डोकावायचं सोडून दिलंत. तू नेम धरण्याआधी रोज दोऱ्याची जागा बघायचीस. तेवढं तू त्या दिवशीही बघितलंस. मी पाहिलं तुला बघताना.

संघाची निवड करणारे पाहुणे त्या सकाळी तासभर आधी टपकले. चार रायफली झाल्या होत्या. पाचवी तुझी. तू टेबलाला टेकून हात पुढं करून उभी, "बाबा, आटपा ना." मी आधी दोरा सोडला. तुला दाखवायला, की झालंच बघ. दोरा खिशात टाकला आणि सळईकडे हात नेला, तेवढ्यात जुन्या चिटणिसांनी दारातून हाक मारली. मी वळलो. पाहुण्यांना नमस्कार केला, माझ्या कार्यशाळेचं त्यांनी कौतुक केलं, मी हसलो. परत वळलो तर टेबल रिकामं.

इथवर ती चूक होती. आता पुढचं.

मला शंका आली. बूच काढलं की नाही ते आठवेना. फळीकडे नुसती नजर टाकली असती तरी कळलं असतं. फळी भिंतीला होती, चार पावलं मागं. पाहुणे बोलत होते, त्यांच्याकडे पाठ करून जाणं बरं दिसलं नसतं. मी स्वतःला म्हटलं, इतकी वर्षं चुकलो नाही, आजच कसा चुकेन. आणि उभा राहिलो.

नंतर सगळे दादाभोवती जमले, तेव्हा मी तुझी रायफल उचलली. तुझ्या जागी पुंगळी एकच होती. मी शेजारच्या जागेवरची एक उचलली आणि दोन्ही पाकिटात घातल्या. अहवाल लिहायला मीच, तपासायला मीच. भिंग घेऊन बघितलं तर दोन पुंगळ्यांवर काडतूस पेटवणाऱ्या टाचेचे ठसे वेगळे आहेत, दोन वेगळ्या रायफलींचे. अकरा वर्षांत कुणी भिंग घेतलं नाही. मिस्त्रीवर कोण संशय घेतो?

फळीवर चार बुचं होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्याआधी मी लेथवर पाचवं केलं आणि भोकात ठेवलं. दादाच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया चालू होती त्या वेळी मी पितळ घासत होतो. हे मला लिहिता येईल असं वाटलं नव्हतं.

बाबा

११ फेब्रुवारी

बारके,

वाटलं होतं, लिहून टाकलं की सुटलो. तसं काही होत नाही. लिहिलेलंही खणातच जातं.

आज सकाळी बाईंकडे गेलो आणि म्हटलं, नळी मला चिरू द्या, तुमच्यासमोर. त्या म्हणाल्या, "हे कारखान्याचं काम." मी म्हटलं, "कारखान्यात निघेल तेच निघेल. पण ते माझ्या हातून निघायला हवं." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. शिक्षिका होत्या, खोटं बोलणारी पोरं आयुष्यभर पाहिलेली. म्हणाल्या, "चिरंजीवांना बोलावू का?" मी हो म्हटलं.

नळी सुटी केली, शेगड्यात पकडली. करवतीनं उभी चिरायला पाऊण तास लागला. दादा माझ्या डावीकडे उभा, म्हणजे त्याला चांगल्या डोळ्यानं नीट दिसावं. फुगलेल्या जागी पातं मऊ लागलं, आणि चिरेतून पिवळा चुरा पडायला लागला. शिशाचा चुरा करडा पडतो. बाईंना फरक कळला नसावा, दादाला कळला. त्यानं वाकून टेबलावरचा चुरा बोटानं पसरला.

नळीचे दोन भाग बाजूला केले. आत एकच गोळी, चपटी होऊन पितळेच्या बुचावर बसलेली. नमदा जळून कोळसा झाला होता, पण बुचाच्या कडेवर माझ्या लेथच्या रेघा अजून दिसत होत्या. मी दादाला सगळं सांगितलं. कालच्या पत्रात तुला सांगितलं तसंच, त्याच क्रमानं. कालचं नव्हे, परवाच्या आधीचं. दिवस गोळा होतात माझे.

तो ओरडेल असं वाटत होतं. त्यानं विचारलं, "दोरा कुठं होता?"

"माझ्या खिशात."

"आणि मला दवाखान्यात भेटायला आलात तेव्हा?"

"तेव्हाही खिशातच."

तो स्टुलावर बसला. मग म्हणाला, "मी सात वर्षं तिला माफ करत होतो. मोठेपणा वाटायचा मला स्वतःचा." आणि पुढं, "आई तशीच गेली." बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी दादाच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो. त्यानं हात झटकला नाही, तो नुसता उठून उभा राहिला, आणि माझा हात हवेतच राहिला.

दारातून वळून त्यानं विचारलं, "तिला सांगितलंत?"

"पत्रं लिहिलीत."

"पाठवलीत?"

मी खणाकडे बघितलं.

बाबा

२० फेब्रुवारी

बारके,

हे शेवटचं. बाकीच्या पाच पत्रांबरोबर दादा आज टपालात टाकणार आहे, माझ्यावर सोडायला तो तयार नाही. तो मागच्या खोलीत राहायला गेलाय. माझं ताट वाढून टेबलावर ठेवतो, पाण्याचा पेला ठेवतो आणि जातो. पाण्याचा पेला अजून विसरत नाही, त्याचंच जास्त लागतं.

फॉर्म नवा भरला. दुरुस्तीवर खूण केली. कारणाच्या जागी मावेना म्हणून तीन पानं जोडली, आणि जुन्या अहवालावर आडवी रेघ मारून सही केली. बाईंनी सगळं वाचलं, पाकीट उघडून पुंगळ्या भिंगाखाली धरल्या, मग म्हणाल्या, "रायफल दुरुस्त होईल मिस्त्री. तुमच्या हातून नाही." मी म्हटलं, "बरोबर आहे." नवी नळी मी बसवीन, शेवटचं एक काम नीट करीन, असं मनात धरून होतो. त्याचाही हक्क राहिला नाही. किल्ल्या दिल्या, फळी दिली. चौकशीला बोलावतील तेव्हा जाईन. परवाना जाईल, पुढं आणखी काय व्हायचं ते होईल. त्याच्या भीतीत अकरा वर्षं घालवली, आता ती उरली नाही.

नोंदवहीत दादानं तुझ्या नावापुढं काही बदललं नाही. तू यावंस असं तो आता बोलत नाही. म्हणतो, कुठल्या तोंडानं बोलवायचं. मीही बोलवत नाही. आता कुणाची माफी मागू नकोस, एवढं लिहून मी सुटू शकत नाही, कारण मागायची मला आहे. आणि मागितली तरी तू अडकशील, द्यावी की नाही म्हणून. तेव्हा तेही राहू दे.

एकच गोष्ट तुझ्याकडे पोचायला हवी. तुला तो फुसका आवाज आठवतो. सायकलच्या ट्यूबसारखा. तुला तो खराच आठवत असणार, कारण आम्ही तिघांनी तो तुला इतक्यांदा सांगितला. रात्री-बेरात्री ऐकू येतो असंही तू दादाला लिहिलं होतंस.

मी त्या सकाळी कार्यशाळेच्या दारात, तुझ्या मागं बारा पावलांवर उभा होतो. पाहुणे बोलत होते, पण मला शंका आली होती, म्हणून माझे कान तुझ्याकडे होते. तू आडवी झालीस, गाल दस्त्याला लावलास, दोऱ्याची जागा बघितलीस, श्वास सोडलास. मी सगळं ऐकत होतो. मोठा आवाज झाला तो पहिलाच. त्याच्या आधी तुझ्या जागेवरून कसलाही आवाज आला नाही, बारके. कसलाही नाही.

बाबा